शालीखालची संध्याकाळ

या, असे जवळ या. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे सरका. ही गोष्ट ओरडून सांगता येत नाही, कारण ती ओरडण्याचीच गोष्ट आहे. हातात काही निवडायचं-टिपायचं असेल तर असू द्या, मांडीवर पोर असेल तर थोपटत राहा. ऐकता ऐकता कुणाचा डोळा लागला तर मी रागावणार नाही. उलट म्हणेन, गोष्ट लागू पडली.

तर ऐका. एका घाऊक भाजीबाजारात एक लिलाव पुकारणारा होता. देवाने माणसं घडवताना कुणाला रूप दिलं, कुणाला बुद्धी दिली. याची पाळी आली तेव्हा देवाच्या हातात बहुधा नुसता गळा उरला होता, आणि तोसुद्धा हत्तीसाठी काढून ठेवलेला. आईबापांनी हौसेने ठेवलेलं नाव फक्त बँकेच्या पासबुकात होतं. साऱ्या बाजारात त्याला म्हणायचे भोंगा.

पहाटे गाड्या खाली झाल्या की भोंगा लाकडी ओट्यावर चढायचा. "बोला, बोला! कांदा बघा, कांदा नाही, मोत्याचा दाणा! एक वार... दोन वार..." आणि "तीन वार!" म्हणताना त्याचा तळहात समोरच्या फळीवर असा आपटायचा की ओट्याखाली झोपलेली मांजरं चार दिशांना जायची. कामाला मात्र चोख हं. कुणाचा माल पडून राहू द्यायचा नाही, कुणाला फसवायचं नाही. पालेभाजी थांबत नाही, म्हणून तोही थांबायचा नाही. "बाजारात थांबला तो कुजला," हे त्याचं ब्रह्मवाक्य.

बाजार दुपारी उठायचा, पण भोंग्याच्या डोक्यातला उठायचा नाही. तो संध्याकाळी घरी जेवायला बसायचा तोही ओट्यावर बसल्यासारखा. "बोला, शेवटचा बटाटा कुणाला? एक वार, दोन वार..." घरात माणसं दोनच, तो आणि त्याची बायको. मुलगी लग्न होऊन लांब आपल्या संसारात. म्हणजे बोली लावणारी एकच, आणि तिला बटाटा नको असायचा. घास गिळता गिळता एका हाताने फोन, "उद्या गाड्या किती? टोमॅटो कसा आहे?" दुसऱ्या हाताने रेडिओ. सगळे दिवे लख्ख. जेवण झालं की दिवसभराचं गाऱ्हाणं पुन्हा पहिल्यापासून, हातवाऱ्यांसकट. मग बोलता बोलता मधल्याच वाक्यात त्याची मान कलायची आणि तो घोरायला लागायचा. घोरणंही त्याच पट्टीतलं.

बायको पडदे शिवायची. दिवसभर मशीन चालवून तिचे खांदे भरून यायचे. संध्याकाळी ती नुसती "हूं, हूं" करायची आणि नवरा घोरायला लागला की उरलेल्या काळोखाकडे बघत पडून राहायची. तक्रार करायचा तिचा स्वभाव नव्हता. पण तोंड बोललं नाही तरी शरीर बोलतंच. एका सकाळी पडद्याची लांबी मापता मापता तिच्या छातीत अशी धडधड सुटली की हातातली पट्टी गळून पडली.

दवाखान्यात ठेवून घेतलं. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई शांत, पोक्त. म्हणाल्या, "हृदय बिघडलेलं नाही, थकलंय. गोळ्या मी देते. पण झोप माझ्याकडे बाटलीत भरून मिळत नाही. यांची संध्याकाळ शांत जाऊ द्या. थोडक्याच गोष्टी, रोज त्याच, रोज सावकाश. मग झोप आपल्या पायांनी येते."

"शांत म्हणजे किती शांत?" भोंग्याने विचारलं.

पलीकडच्या खोलीतला रोगी दचकून उठून बसला.

"याच्यापेक्षा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आता बायकोला एक थोरली बहीण होती. तिला आपण ताई म्हणू, भोंगाही ताईच म्हणायचा. ताईंनी सारा जन्म ग्रंथालयात काढला. यजमान गेले, नोकरी संपली, पण ग्रंथालय काही अंगातून गेलं नाही. त्यांच्या घरात घड्याळसुद्धा परवानगी काढून टिकटिक करतं, असं भोंगा म्हणायचा. ताई दवाखान्यात आल्या, बहिणीच्या कपाळावर हात ठेवला आणि चष्म्यावरून भोंग्याकडे बघत म्हणाल्या, "जावईबापू, रविवारी मी हिला माझ्याकडे नेते. महिना-दोन महिने. पुढचं पुढे."

'पुढचं पुढे' हे शब्द भोंग्याच्या काळजात काट्यासारखे रुतले.

घरी आल्यावर तो बायकोच्या उशाशी उभा राहिला. "तू जाणार?"

"आधी खाली बसा. तुम्ही उभे असलात की वाटतं माझाच लिलाव चाललाय."

तो बसला.

"मला जायचं नाही हो," ती म्हणाली. "हे माझं घर आहे. पण मला झोप हवी. आडवी झाले की कानात तुमचा बाजार भरतो. तुम्ही घोरत असता आणि मी टोमॅटोच्या पेट्या रचत असते."

"मग?"

"मग काय. रविवारपर्यंत बघते."

भोंग्याने आयुष्यात हजारो वेळा 'दोन वार' म्हटलं होतं. दोन वार आणि तीन वार यांच्यामध्ये समोरच्या शेतकऱ्याच्या पोटात काय होत असेल, ते त्याला त्या दिवशी कळलं.

पण हातपाय गाळेल तो भोंगा कसला! दुसऱ्याच दिवशी त्याने संध्याकाळचं काम अंगावर घेतलं. बाजारात भेटेल त्याला विचारलं, शांत वाटायला काय करतात? ज्याने जे सांगितलं ते सगळं घरी आणलं. बासरीची गाणी, सुवासिक मेणबत्त्या, पाय बुडवायला पसरट घमेलं, डोळ्यांवर ठेवायला काकडी, कसलासा पाला टाकून उकळलेलं पाणी. दिवस मावळला आणि भोंगा कामाला लागला.

"चला, पाय घमेल्यात! बुडवले? छान. मेणबत्ती बघा, बघत राहा! आता श्वास आत, आत, आत... सोडा! काकडी कुठे गेली? हं, डोळे मिटा. बासरी ऐकू येते का? नाही? वाढवतो! झाले का पाय? काढा. पुढचं, पुढचं! अगं, शांत हो ना लवकर!"

बायकोच्या एका डोळ्यावर काकडी, दुसऱ्या डोळ्यावरची घसरून गळ्यात. तेवढ्यात बहिणीला बघायला म्हणून ताई दारात आल्या. त्यांनी घमेलं पाहिलं, मेणबत्त्या पाहिल्या, हातात टॉवेल घेऊन घामाघूम झालेला जावई पाहिला.

"वा," ताई म्हणाल्या. "शांततेचा लिलाव मांडलाय. शेवटची बोली कुणाची?"

बायको हसली, पण हसता हसता तिने छातीवर हात धरला. ते पाहिलं आणि भोंग्याने गुपचूप सगळ्या मेणबत्त्या विझवल्या. त्या रात्री तिला पहिल्यापेक्षाही कमी झोप लागली.

दुसऱ्या दिवशी त्याने उलटं टोक गाठलं. दिवस कलायच्या आधीच तोंडाला कुलूप. एक शब्द म्हणून नाही. जेवायचं झालं की ताटाकडे बोट. पाणी हवं की चौकातल्या पोलिसासारखा हात आडवा. गोळीची वेळ झाली तेव्हा त्याने गोळी गिळायचा असा काही अभिनय केला की बायकोला वाटलं याच्याच घशात काहीतरी अडकलं. पण गळा दाबून ठेवला की जोर दुसरीकडून निघतो. भांडी आपटू लागली, खुर्च्या किंचाळू लागल्या, आणि त्याचे उसासे तर असे की पडदे हलावेत.

शेवटी ती म्हणाली, "अहो, काय झालं? रागावलात का?"

त्याने जोरजोरात मान हलवली.

"मग बाजारात काही झालं का? कुणाशी भांडण? मुलीचा फोन आला होता का?"

पुन्हा मान.

"देवाशपथ सांगा, माझ्यापासून काही लपवून ठेवलंय का डॉक्टरांनी?"

"नाही गं बाई!" भोंगा फुटला. "मी शांत आहे, शांत!"

"असं शांत नका राहू हो," ती काकुळतीला आली. "कुणी गेल्यासारखं वाटतं घरात."

घ्या. बोललं तर बाजार, गप्प बसलं तर सुतक. भोंगा त्या रात्री घोरला नाही, कारण तो झोपलाच नाही. नवरा-बायको दोघंही छताकडे बघत, आणि मध्ये रविवार.

आता इथे जरा कान द्या. देव माणसाला वाट दाखवतो, पण पुष्कळदा ती वाट त्याच्या रोजच्या पायाखालचीच असते, म्हणून दिसत नाही. त्या बाजाराच्या एका कडेला मिरी-वेलदोड्यांचे गाळे होते. तिथे तोंडाने बोली लागत नसे. जुनी रीत अशी की विकणारा आणि घेणारा गुडघ्याला गुडघा लावून बसायचे, हातांवर एक रुमाल टाकायचे आणि रुमालाखाली बोटं धरून भाव करायचे. एक बोट धरलं म्हणजे एक, पूर्ण पंजा धरला म्हणजे पाच, नुसतं पेर दाबलं म्हणजे अर्धा. पटलं की एकमेकांचा तळहात एकदा घट्ट दाबायचा आणि रुमाल उचलायचा. शेजाऱ्याला पत्ता नाही. भोंगा त्या बाजूने जाताना नेहमी टोमणा मारायचा, "काय मंडळी, आज बोटांना बोटं लागली का?"

त्या सकाळी लिलाव आटोपून, तारवटलेल्या डोळ्यांनी तो तिथून चालला होता. दोन म्हातारे व्यापारी रुमालाखाली हात घालून बसले होते. आजूबाजूला हातगाड्यांचा खडखडाट, हमालांची 'बाजू, बाजू', आणि हे दोघे तळ्याकाठी बसल्यासारखे. तरी भांडण जोरात चाललेलं. एकाच्या भुवया वर, दुसऱ्याचे ओठ घट्ट, रुमाल उंदीर शिरल्यासारखा हलतोय. मग रुमाल थांबला. दोघांनी एकदम श्वास सोडला. एकाने खिशातून खडीसाखर काढून दुसऱ्याला दिली.

भोंगा तिथेच उभा राहिला. "काका, एवढा वेळ घासाघीस केलीत, डोकं नाही उठलं?"

खडीसाखर चघळत म्हातारा म्हणाला, "उठेल कशाला? भाव ठरला, माल गेला. विकलेल्या मालाकडे मान वळवून बघायचं नाही, एवढंच या धंद्यात शिकलोय."

भोंगा घरी आला तो पायऱ्या चढतानाच ओरडत. "अगं! अगं, तुझे वडील मिरीच्या गाळ्यावर होते ना?"

"होते. पण ते खाली रस्त्यावरच्या लोकांना कशाला सांगताय?"

तो वर आला, धापा टाकत समोर बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तुला ती बोटांची बोली येते?"

तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी उजेड पडला. "येते की. अप्पा घरी आले की आम्हाला समोर बसवायचे. खाऊ किती घेणार ते रुमालाखाली ठरायचं."

"मग संध्याकाळी बसू या."

"कसला भाव करायचा? घरात काय विकायला काढलंय?"

भोंग्याने विचार केला. मग म्हणाला, "आजचा दिवस."

त्या संध्याकाळी ऊन गच्चीवरून उतरलं तेव्हा त्याने फोन बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवला. लख्ख दिवा मालवला, कोपऱ्यातला छोटा लावला. दोघांनी गरम सूप घेतलं. त्याला सवयीने तीन घोटांत संपवायचं होतं, पण बायको म्हणाली, "फुंकर घाला," म्हणून फुंकर घालत राहिला. दोन वाडगी दोघांनी मिळून धुतली. तिने तिच्याच हातचा पडदा ओढला. मग खिडकीजवळच्या बाकावर समोरासमोर बसून त्यांनी हातांवर तिची करडी शाल टाकली.

"बोला," ती हळूच म्हणाली. "दिवसाचा काय भाव सांगता?"

भोंग्याने एकदम तिचा पंजाच धरला. पाच.

तिने त्याचं एक बोट धरलं.

"एकच?" भोंगा उसळला. "अगं, एवढा मोठा दिवस, आणि..."

"तोंड मिटा. शालीखाली बोला."

त्याने चार बोटं धरली. तिने पुन्हा एकच. त्याने पुन्हा चार. तिने बोट सोडलंच नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपली बायको सौद्यात अशी चिवट आहे, हे भोंग्याला आजच कळत होतं.

"अप्पा म्हणायचे," ती म्हणाली, "भाव वाढवायचा तर आधी माल दाखवा."

"म्हणजे?"

"म्हणजे आज चांगलं काय झालं ते सांगा. एका बोटाला एक. मूठभर नमुना फक्त, अख्खं पोतं नको."

आता माणसाचं कसं असतं बघा. वाईट काय झालं ते त्याला पाठ असतं. चांगलं काय झालं म्हटलं की डोकं खाजवतो. भोंग्याने डोकं खाजवलं असतं, पण हात शालीखाली अडकलेले. जरा वेळाने तो म्हणाला, "आज एका शेतकऱ्याची भेंडी सगळ्यात शेवटी आली. मला वाटलं राहणार. गेली."

आणि हे सांगताना त्याचा आवाज आपोआप बसला होता. दोन डोकी एवढी जवळ असली की ओरडायला मध्ये जागाच कुठे उरते?

तिने दुसरं बोट धरलं. मग म्हणाली, "माझाही नमुना घ्या. दुपारी खिडकीत बसले होते, तर समोरच्या घरी मी शिवलेला पडदा लावला. बरोबर जमिनीला टेकला. एक बोटही कमी-जास्त नाही."

असं करत करत दिवस साडेतीनवर आला. भोंग्याने पेर दाबलं, तिने दाबलं, पटलं. तिने त्याचा तळहात घट्ट धरला. आणि त्याच क्षणी, सवय वाईट हो, भोंग्याच्या तोंडून "तीन वार!" असा गगनभेदी पुकारा निघाला आणि दुसरा हात बाकावर धाडकन आपटला. शाल उडाली. कोपऱ्यातला दिवा थरथरला. खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला काठी मारली.

भोंगा जीभ चावून गोठला. गेलं सगळं, त्याला वाटलं. तिचा हात पुन्हा छातीवर जाणार.

पण ती हसत होती. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईतो. "अहो, अप्पांनी तुम्हाला गाळ्यावरून हाकललं असतं!"

"पुन्हा नाही करणार."

"करू नका. आता झालं, दिवस विकला. त्याबद्दल आता एक शब्द नाही."

"उद्या गाड्या..."

"उद्याचा माल उद्या."

मग दोघांनी देवाचं नाव घेतलं. भोंगा ते रोज पहाटे घ्यायचा, देवाला ऐकू जावं म्हणून खणखणीत. आज त्याने ते ओठांतल्या ओठांत घेतलं आणि त्याला नवल वाटलं, की एवढ्या जवळ असणाऱ्याला आपण इतकी वर्षं हाका मारत होतो! तेवढ्यात बायकोला जांभई आली. मोठी, तोंडभर, डोळे मिटून. जन्मात इतकी सुंदर गोष्ट पाहिली नाही असं भोंग्याला वाटलं. तो आनंदाने ओरडणारच होता. त्याने शालीचं टोक तोंडात कोंबलं.

त्या रात्री ती झोपली. अखंड नाही, पण झोपली. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. फोन तांदळात, छोटा दिवा, सूप, दोन वाडगी, पडदा, शाल, देवाचं नाव. एक पायरी गाळायची नाही, एक वाढवायची नाही. भोंग्याने मध्येच "बासरी लावू का?" विचारून पाहिलं, तिने नुसतं घमेल्याकडे बोट दाखवलं, तो गप्प. शनिवारी तर सौदा पटायच्या आतच तिच्या डोळ्यांवर झापड आली आणि तिने तो म्हणेल तो भाव कबूल करून टाकला. पण रविवारचं ती काही बोलली नाही. त्यानेही विचारलं नाही. बोली चालू असताना पुकारणाऱ्याने घाई केली की गिऱ्हाईक उठतं, एवढं त्याला कळत होतं.

रविवारी दिवस उतरताना ताई आल्या. हातात मोकळी प्रवासी बॅग. "भरून ठेवलं नाहीस अजून?"

"बैस ताई. सूप घे."

ताईंनी सूप घेतलं. वाडगी धुताना तीन झाली. ताईंच्या भुवया जरा वर गेल्या, कारण धुणारा भोंगा होता आणि आवाज येत नव्हता. पडदा ओढला गेला. ताई खुर्चीत मांडीवर पर्स धरून बसल्या. "चालू द्या तुमचं. मी कुठे बोलतेय."

शाल पसरली गेली. ताई ती हलताना बघत राहिल्या. मग हलकेच म्हणाल्या, "हे अप्पांचं आहे."

बायकोने शालीची कड उचलली. "ये. हात आत घाल."

"मी? मला काय आठवतंय आता."

"घाल गं."

भोंग्याने आपले हात काढून घेतले आणि बाकावर जागा केली. ताईंनी पर्स खाली ठेवली. शालीखाली काय चाललं ते भोंग्याला दिसेना. तो समोरच्या चेहऱ्यांवरून भाव ओळखायला शिकलेला माणूस, तो चेहरे बघत बसला.

"हात किती गार तुझे," बायको म्हणाली. "बोल. आजच्या दिवसाचा काय भाव?"

ताईंचा चेहरा पुस्तकाच्या बंद कपाटासारखा. शाल किंचित हलली. बायकोच्या कपाळावर आठी आली.

"पेर? ताई, नुसतं पेर? खरा भाव बोल."

"खराच बोलले."

"माल दाखव, मी वाढवते."

ताई आठवू लागल्या. फार वेळ आठवत राहिल्या. "सकाळी दूधवाला आला होता," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "म्हणजे भेटला नाही. दारात बाटली ठेवून गेला."

"आणि?"

"आणि तुमच्याकडे यायचं होतं."

बायकोने ताईंचे हात शालीखाली धरून ठेवले. आणि भोंग्याच्या डोक्यात आत्ता लख्ख झालं. घड्याळ परवानगी काढून टिकटिक करतं, म्हणून तो जन्मभर हसला होता. त्या घरात टिकटिकीशिवाय दुसरं बोलणारं कुणी आहे का, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. ताईंना बहीण न्यायची होती ती बहिणीसाठी, हे खरंच. पण सगळं खरं तेवढंच नव्हतं.

ताईंनी हात सोडवून घेतले, चष्मा पुसला. "झोपतेस ना आता तू?"

"झोपते ताई."

"चेहऱ्यावर दिसतंय. मग मी कशाला नेऊ उगीच." त्यांनी मोकळी बॅग उचलली. "बरं झालं. जावईबापू, जमलं तुम्हाला. मला वाटलं नव्हतं."

आठवडाभर ज्या शब्दांसाठी भोंग्याने जिवाचं रान केलं, ते शब्द असे आयते त्याच्या ओंजळीत पडले. आता नुसतं गप्प बसायचं, की सौदा त्याचा. गप्प बसायला तर तो नुकताच शिकला होता. पण त्याला काही गप्प बसवेना.

"ताई, बसा," तो म्हणाला. "अजून बोली संपलेली नाही."

मग बायकोकडे वळून म्हणाला, "बॅग भर."

ती बघतच राहिली. "अहो, मी जात नाहीये."

"महिन्या-दोन महिन्यांसाठी नको. आठवडाभर जा. शाल घेऊन जा. ताईंचा दिवस पेरावरून दोन बोटांवर आण आणि मग परत ये. येताना त्यांनाही घेऊन ये." त्याचा आवाज शालीखालच्या बोलीइतका खाली आला होता. "झोपेची काळजी नको. ती काही माझ्या ओट्यावर ठेवलेली नाही, तुझ्याबरोबर येईल."

"काय म्हणताय?" ताईंनी कानामागे हात धरला. "जावईबापू, जरा मोठ्याने बोला की. मला ऐकू येईना."

आणि ज्या माणसाला आयुष्यात कुणी हे वाक्य म्हटलं नव्हतं, तो भोंगा बाकावर बसून लहान पोरासारखा हसू लागला. त्याच्याबरोबर बायको, आणि मग, चष्मा काढून, ताई. खालच्या मजल्यावरून पुन्हा काठी वाजली. या वेळी ती ताईंच्या हसण्यासाठी होती.

बायको ताईंकडे गेली तो आठवडा भोंग्याने एकट्याने संध्याकाळ केली. फोन तांदळात, एक वाडगं, पडदा. हातांवर टॉवेल टाकून डाव्या हाताने उजव्याशी भाव करून पाहिला. उजवा ऐकेना, डावा हटेना. शेवटी टॉवेल बाजूला ठेवून त्याने देवालाच विचारलं, "तू काय देतोस?" उत्तर ऐकू आलं नाही, पण झोप छान लागली.

पुढच्या रविवारी दोघी बहिणी आल्या. ताई दोन दिवस राहिल्या, मग घरी गेल्या, मग पुन्हा आल्या. आता दर आठवड्याची एक संध्याकाळ त्यांची ठरलेली आहे. मध्यंतरी एकदा त्यांनी शालीखाली चक्क तीन बोटं धरली. बायको म्हणाली, "माल दाखव." ताई म्हणाल्या, "दाखवणार नाही. माझा माल आहे." बायकोने भाव कबूल केला.

भोंग्याचं घर आता दिवेलागणीनंतर हळू होतं. पूर्ण शांत नाही हो; अधूनमधून एखादा 'तीन वार' निसटतोच, आणि खालच्या मजल्यावरचे गृहस्थही आता काठी मारण्याऐवजी "किती ठरला?" असं विचारतात.

बस, इतकीच गोष्ट. तुमच्या डोळ्यांवर झापड आलेली मला दिसते आहे, तेव्हा अडवत नाही. दिवा बारीक करा, देवाचं नाव घ्या. फक्त ते नाव घेताना एक करा. तुमच्या नात्यात, आळीत, जुन्या ओळखीत कुणी अशा ताई असतील, ज्यांच्या घरात सगळं जागच्या जागी असतं, आवाज कसला येत नाही, आणि आजचा दिवस कसा गेला हे ज्यांना कुणी विचारत नाही. झोपण्याआधी एकदा त्यांची आठवण काढा.